कठड्याचं पहिलं टोक

नाशकात तेव्हा रामाच्या देवळाचं दार उघडावं म्हणून आमचे महारवाड्यातले नातलग बाहेर ठिय्या देऊन बसले होते. आमचे पाळक चर्चमध्ये अभिमानानं सांगायचे, "आपल्याकडे बघा. प्रभुभोजनाला द्राक्षारस सगळे एका प्याल्यातून पितात."

खरंच पीत. फक्त उंच जातींतून ख्रिस्ती झालेली घरं आधी आणि आम्ही शेवटी. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून मला ठाऊक नव्हता. मी सोळा वर्षांची होते. माझ्या पहिल्या प्रभुभोजनाला मी घाईनं पुढे गेले आणि वेदीपुढच्या कठड्याच्या पहिल्या टोकाला गुडघे टेकले. मागे आई दोनदा खोकली. मला वाटलं, गारठ्यानं.

मी घोट घेतला. पाळकांनी फडक्यानं प्याल्याची कड पुसली आणि तो माझ्या शेजारी गुडघे टेकलेल्या, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपुढे धरला. मला दहा आज्ञा ह्या पंचांनीच पाठ करायला लावल्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान खाली घातली. पुढच्या बाईंनीही. त्यांच्या पुढच्यांनीही. पाळक भरलेला प्याला तसाच घेऊन पुढे सरकत राहिले. चर्चमध्ये कोणी हूं की चूं केलं नाही. त्या शांततेची आज मला चीड येते. तेव्हा नुसती भीती वाटली.

घरी कोणी रागावलं नाही. त्यानं भीती आणखी वाढली.

पुढच्या रविवारी वेदीवर दोन प्याले होते. दुसरा कशाला, हे कोणी विचारलं नाही. आईनं माझा दंड धरला आणि मला बरोबर त्या दुसऱ्यापुढे नेऊन बसवलं.