मोरीत गेलेलं जेल

पाणी दिलं की शेवटच्या घोटापर्यंत प्यायचं. नवरा घरात असेल तर मुलांच्या लसीबद्दलच बोलायचं. अवघड प्रश्न विचारताना हाताला काम घ्यायचं. वाळलेले कपडे दिसले की घड्या घालायला बसायचं. ताईंच्या या सवयी पुस्तकीला पाठ होत्या.

एचआयव्हीपासून बचावासाठी बाईनं संबंधाआधी योनीत लावायच्या एका जेलची चाचणी चालली होती. ते बायकांना रुचतं का, हे ताई घरोघर विचारत. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती कागदावर उतरवायला साहित्यात एम. ए. झालेली मुलगी होती. ताई तिला पुस्तकी म्हणत.

"काय गं, आम्ही बायका इतकं सरळ बोलतो होय?" कागद वाचून ताई विचारत.

मुलगी खूश व्हायची. अडखळणं, हसणं, मध्येच निघालेला सासूचा विषय, सगळं ती गाळून टाकायची.

मग एक दिवस एक शिंपीण ताईंना म्हणाली, "रागावू नका. जेलच्या नळ्या रिकाम्या केल्या, पण मोरीत. ह्यांना कळलं असतं तर माझ्यावर भरवसा नाही का, म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. आणि तुम्ही एवढ्या उन्हातून येता. भरलेल्या नळ्या कुठल्या तोंडानं परत करू?"

ताईंनी ऑफिसात येऊन सगळी रेकॉर्डिंग ऐकली. 'वापरलं का?' या प्रश्नावर आणखी अकरा जणी आधी हसल्या होत्या, मग 'हो' म्हणाल्या होत्या. कागदावर नुसतं 'हो' होतं.

"यांचं हसू कुठं गेलं गं?"

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

'बायकांना पसंत' असा अहवाल जायच्या बेतात होता. ताईंनी ऑफिसातल्या साहेबांकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि अकरा घरं पुन्हा धरली. चार झाली. चौघींनीही मोरीच दाखवली. पाचव्या घरी निघालेल्या ताई बसथांब्यावर कोसळल्या, त्या उठल्याच नाहीत.

"चार घरांनी काय होतंय?" साहेब म्हणाले. अहवाल गेला.

ताईंची पिशवी पुस्तकीकडे आली. आत यादी होती. चार नावांपुढे खूण. पाचव्यापुढे ताईंच्या अक्षरात: 'नवरा दुपारी नसतो. कपडे वाळलेले असतील.'

त्याखाली सहा नावं, पुढची जागा कोरी.