नळी तोंडात असताना

माणसाच्या श्वासावरून त्याच्या मनावरचा ताण ओळखता येतो का, हे तपासायचं काम घोटावड्याच्या एका हॉलमध्ये चाललं होतं आणि मी तिथं मदतनीस होते. नाकाला चिमटा लावून माणसानं नळीतून पिशवीत फुंकायचं. मग मुद्दाम मख्ख बसलेल्या दोन साहेबांसमोर हजारातून सतरा-सतरा तोंडी वजा करत जायचं. घाम फुटला की पुन्हा फुंकायचं. पिशवी भरेपर्यंत नळी सोडायची नाही, सोडली की नमुना फुकट.

मी तर त्या दिवसांत हवेतच होते! पिशव्या पुण्याला न्यायला मोटारसायकलवर जो यायचा, त्याच्याशी माझं जमलं होतं. पण रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते आणि आप्पांना, म्हणजे वडिलांना, हे सांगायची माझी छाती होत नव्हती.

एक दिवस माणूस कमी पडला म्हणून मी आप्पांनाच घेऊन आले. उभा जन्म मेंढरं राखण्यात आणि मोजण्यात गेलेला. सतराची वजाबाकी त्यांनी हसत हसत केली, वर साहेबांनाच विचारलं, "तुमास्नी बरं न्हाई का?" दोघे साहेब घाईनं बाहेर गेले, बहुतेक हसायला.

दुसरी पिशवी भरायला आम्ही दोघंच उरलो. आप्पांच्या नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि माणूस सांगितलेलं तंतोतंत पाळणारा. माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे.

"आप्पा, रविवारी मी पाव्हण्यांम्होरं बसनार न्हाई. माझं ठरलंय. हितं पिशव्या न्यायला येतो ना, त्योच. आपल्यातला न्हाई, पन लई चांगला हाय."

त्यांचे डोळे मोठे झाले, कान लालबुंद झाले, पण फुंकणं काही थांबेना. मला हसू आवरेना. पिशवी टम्म फुगल्यावर त्यांनी चिमटा काढला, ती माझ्या हातात दिली आणि खिशातून फोन काढला.

"पाव्हनं, रविवारी येऊ नगा. पोरीला ड्युटी हाय."

रविवारी हॉलला कुलूप असतं, हे आप्पांना चांगलं ठाऊक होतं. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही माझ्यासाठी.