चौथी सही

राजेहो, स्टाफरूममध्ये खडूचा नवा डबा यायला दोन महिने लागतात, पण किस्सा रोज एक तयार होतो. कोणी मागितलेला नसतो आणि कोणी घरीही नेत नाही, मग पडून राहतो. किन्हीराजाकडच्या आमच्या शाळेत असा मोठा ढीग आहे. त्यातले एकाच खेळाचे चार-पाच सांगतो. हसू आलं तर हसा. मला आताशा येत नाही.

* * *

चव्हाण मॅडमच्या भावानं पुण्याहून भाच्यासाठी एक खोका पाठवला. भाच्याला मोबाईल पुरत होता, म्हणून मॅडमनं खोका स्टाफरूममध्ये आणला. आत नकाशाचा पुठ्ठा, पत्ते, फासे, चार वीरांच्या बाहुल्या आणि हे एवढं जाड इंग्रजी पुस्तक! पुस्तकात गोष्ट, आणि गोष्टीच्या परिच्छेदांना नंबर. गुहेत शिरायचं तर एकशे बारा वाचा, पळायचं तर चाळीस. एकमेकांविरुद्ध खेळायचंच नाही. चौघांनी मिळून जिंकायचं, नाहीतर चौघांनी मिळून मरायचं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बसायचो. देशमुख सर, चव्हाण मॅडम, तायडे सर आणि मी. तायडे सर इंग्रजीचे, म्हणून पुस्तक त्यांच्याकडे. ते एक ओळ मनात वाचायचे आणि मराठीत अशी सांगायचे की आपण गुहेतच उभे आहोत असं वाटायचं.

देशमुख सर म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पन याच्यात मालक कोण?"

"कोणीच नाही सर. पुस्तक सांगते, आपून खेळतो," तायडे सर म्हणाले.

"बिनमालकाचं कुठं काई चालते का? अध्यक्ष पाह्यजे!"

झालं! कपाटातून जुनं रजिस्टर निघालं. स्टाफमध्ये सगळ्यात ज्युनिअर मी, तायडे सरांच्याही चार महिने मागून लागलेलो, म्हणून लिहायचं काम माझं. ठराव क्रमांक एक: देशमुख सर अध्यक्ष. सूचक, स्वतः देशमुख सर! ठराव क्रमांक दोन तायडे सरांनी सांगितला, "प्रत्येक चाल सर्वानुमते. चौघांच्या सह्या झाल्याशिवाय फासा टाकायचा नाही."

त्यानंतर गुहेतलं एकेक दार उघडायला आम्हाला अर्धा-अर्धा तास लागायला लागला.

* * *

एका दारात राक्षस निघाला. तायडे सरांनी वाचलं: लढा, कोडं सोडवा, नाहीतर मागे फिरा.

देशमुख सर विचारात पडले. "तायडे, ह्या राक्षसाचा तालुका कोणता?"

"सर, पुस्तकात तालुका नाही देलेला."

"असं कसं? कोणाच्या तरी ओळखीतला असंन न! एक फोन गेला का होते बाजूले."

"लावा न मंग सर, स्पीकरवर टाका!" चव्हाण मॅडम म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. देशमुख सर मात्र हसले नाहीत, त्यांनी मनापासून विचारलं होतं. त्यांच्यापुढची आजवरची सगळी दारं तशीच तर उघडली होती.

* * *

तायडे सरांचा वीर वैद्य होता. वैद्याजवळ तलवार नसते, म्हणून नियमानं त्याला एक पत्ता जास्त मिळतो.

देशमुख सरांनी तो पत्ता पाहिला. "वा तायडे! इथंबी सवलत?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, हे लिहून ठेवा. तायडे सरही हसले, पण जरा उशिरा. मग त्यांनी तो जास्तीचा पत्ता उचलला आणि देशमुख सरांच्या जखमी योद्ध्यापुढे ठेवला.

"घ्या सर. तुमच्याच कामी येते."

देशमुख सरांनी घेतला. थँक्यू नाही, काही नाही!

* * *

पोहरादेवीच्या यात्रेला एसट्या तिकडे वळल्या आणि मानोऱ्याहून येणाऱ्या चव्हाण मॅडम अडकल्या. इकडे आम्ही लोखंडी दारापुढे उभे, आणि सह्या तीनच.

"मॅडमची मी करतो न! हजेरीपटावर नाही करत का आपून एकमेकाची?" देशमुख सर म्हणाले.

खरं होतं, करत होतो. पण तायडे सरांनी रजिस्टर मिटलं. मॅडमला फोन लावला आणि अख्खा परिच्छेद वाचून दाखवला. तिकडून गर्दी, डफडं आणि त्यात मॅडमचा आवाज, "माय वो, दार उघडू नका बरं! म्या आल्यावर उघडू!"

दोन शनिवार आम्ही एका कागदी दारापुढे बसून राहिलो. मी तायडे सरांना म्हटलं, "सर, खेळच तर हाय. कायले इतकं?"

ते म्हणाले, "खेळातही नाही जमलं, तर मंग कुठं जमंन?"

* * *

एकदा ऐन खेळात तपासणीचे साहेब आले. टेबलावर पुठ्ठा मांडलेला, पळायला जागा नाही. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला.

तायडे सर उठले आणि शांतपणे म्हणाले, "सर, हे इंग्रजी वाचनाचं साहित्य आहे. यात मुलं एकमेकांना हरवायला नाही, सोबत घ्यायला शिकतात."

साहेब खूश! "उपक्रम कोणाचा?"

"माझाच," हेडसर म्हणाले. क्षणाचाही उशीर नाही!

साहेबांना फोटो पाहिजे होता. हेडसर मधे, बाजूला देशमुख सर, मॅडम, मी. तायडे सरांच्या हाती मोबाईल दिला, कारण त्यांना चांगले फोटो काढता येतात. फोटो अजून हेडसरांच्या केबिनमध्ये लावलेला आहे. चांगलाच आलाय.

* * *

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. गोष्टीत पूल आला. पूल तिघांचंच वजन पेलणार. पुस्तक म्हणत होतं, एकाला मागे सोडा आणि सुखरूप जा. किंवा चौघं पळत सुटा, पण सहा पडला तरच वाचाल.

माझा धनुर्धर जखमी होता. देशमुख सर म्हणाले, "याले सोडा. तसाबी ज्युनिअरच हाय."

मला सोडायचा ठराव मीच लिहिला. देशमुख सरांनी सही केली. मॅडमनं मान खाली घालून केली. मीही केली, आता काय करता! रजिस्टर तायडे सरांपुढे गेलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मी नाही करत सही. चौघं आलो, चौघं जाऊ."

"मरू न सगळे!" देशमुख सर ओरडले.

"मरू."

शेवटी पळायच्या ठरावावर चौघांच्या सह्या झाल्या आणि फासा टाकला. सहा! आम्ही असे ओरडलो की हेडसर धावत आले. पुठ्ठ्याच्या बाहुलीसाठी डोळ्यात पाणी आलं माझ्या. कोणाला सांगू नका.

* * *

दिवाळीनंतर पटसंख्या घसरली आणि एक तुकडी बंद झाली. आम्हा चौघांतून एकाला कमी करायचं ठरलं. नियमानं जो शेवटी लागला तो जातो, म्हणजे मी. घरी बायकोला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. तायडे सरांना सगळं माहीत होतं. त्यांच्याही घरी दोन पोरी.

शनिवारी हेडसर आले आणि खेळाच्याच टेबलाशी बसले. म्हणाले, "संस्थेच्या अध्यक्ष साहेबांचं म्हणणं आहे, ज्येष्ठता बाजूला ठेवू. स्टाफनंच सर्वानुमते नाव द्यावं. एकमत नसलं, तर मग नियमानं जावं लागेल."

बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

देशमुख सर मला म्हणाले, "लिव." आणि सांगत गेले, "श्री. तायडे सर यांना कार्यमुक्त करण्यास स्टाफची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर."

रजिस्टर तेच होतं. पुलाच्या ठरावानंतरचं पान कोरं होतं. मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, सगळेच म्हणतात. सूचक, देशमुख सर. अनुमोदक कोण, असं कोणी विचारलंच नाही. तिथं मी माझं नाव टाकलं आणि देशमुख सरांच्या सहीखाली सही केली. मॅडम रडल्या, आणि रडता रडता सही करून मोकळ्या झाल्या.

"वाचून दाखवा कोणीतरी," हेडसर म्हणाले.

शेवटी तायडे सरांनी रजिस्टर ओढून घेतलं. त्याच आवाजात वाचलं, गुहेतल्या. एक शब्दही अडखळले नाहीत. वाचून झाल्यावर रजिस्टर मिटलं नाही. माझ्यापुढे हात केला.

"पेन द्या सर. सर्वानुमते लिवलं न तुमी? चौथी सही राह्यली."

मी पेन दिला.