गाय न घेता गेलेला व्यापारी

त्या वर्षी कपाशी हातची गेली अन् घर एका गाईच्या दुधावर चाललं होतं. तिचं वासरू मेलं, तशी ती पान्हा सोडेना. "पान्ह्याची सुई टोचा," सगळे म्हणत. माझा जीव धजला नाही. शेवटी विकायचं ठरवलं.

घ्यायला अचलपूरचा व्यापारी आला. दाढीला मेंदी, बोलणं हळू. व्यापारी आधी दात पाहतात, यानं कोमट पाणी मागितलं. कास धुतली, फडक्यानं सावकाश पुसली अन् थानाला हात न लावता उकिडवा बसून राहिला. मी आपली शेजारी उभी राहून वासराची सारी कहाणी सांगत होते.

मग म्हणाला, "मावशी, दूध कासेत हाये. पन सोडायचा हुकूम डोक्यातून निघते, रगतातून खाली येते. त्याले वखत लागते. तुमी बसल्याबरोबर ओढता."

"पन वासराबिगर हुकूम निघन कसा?"

"तुमच्यानं. रोज असंच पानी, असंच पुसनं अन् तुमचं बोलनं. बोलता तं तुमी लय. सुई टोचली तं मंग गाय सुईचीच वाट पाहीन."

फायद्याचा सौदा सोडून, चहा पिऊन तो एसटीला गेला. जन्मभर धारा काढल्या मी, पण थांबायला त्यानं शिकवलं.

दहा-बारा दिवसांत गाय पान्हावली. पुढं एकदा मी अंगणात शेजारणीशी बोलत बसले होते, तर गोठ्यातून सून म्हणाली, "आत्याबाई, जराशा गप राहा. गाय इकडं दूध गाळून राहिली."