पाचच्या आत एक नाव

माझी ड्युटी पहाटे चारला सुरू होते आणि दुपारी बाराला संपते. पुण्यातल्या मित्रांना याचा भारी हेवा वाटतो. "म्हणजे अख्खी दुपार तुझीच की!" असं ते म्हणतात. माझीच आहे, खोटं नाही. दुबईपलीकडच्या या फुजैराची जुलैतली दुपार फुकट वाटली तरी दुसरं कोणी घेणार नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. त्यामुळे खिडक्या बंद करून, एसी लावून मी छंद जोपासतो. बायको आणि मुलगा शाळेच्या सुट्टीत पुण्याला गेलेले असतात. मुलगा फोनवर "बाबा, आर यू बोअर्ड?" असं विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जातो.

त्या बुधवारीही मी घरी येऊन आंघोळ केली, वरणभात जेवलो, कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घातलं आणि पेटी काढून बसलो. पण बोटं चालेनात. ड्युटीवरून निघताना मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं होतं. आमचं टर्मिनल म्हणजे जहाजांसाठीचं तेल साठवायच्या टाक्या, आणि मी तिथला शिफ्ट सुपरवायझर. कंपनी माणसं कमी करत होती. प्रत्येक शिफ्टमधला एक पंप ऑपरेटर जाणार होता.

"पाच बजे से पहले एक नाम ईमेल कर दो, हबीबी," मॅनेजर म्हणाला. "फिर घर में आराम से बैठो. रिलॅक्स."

माझ्या शिफ्टला ऑपरेटर दोनच. त्यांतले एक बुवा. सिंधुदुर्गातले, पन्नाशी उलटलेले, आखातात बावीस वर्षं काढलेले. गावी त्यांचं भजनी मंडळ होतं, म्हणून इथेही सगळे त्यांना बुवाच म्हणतात. दुसरा नागपूरचा, चाळिशीचा. त्याची बायको आणि दहावीतली मुलगी इथेच राहतात. काम कोणाचं चांगलं असं विचाराल, तर नागपूरकराचं. नवी कॉम्प्युटर सिस्टीम त्याने आठवड्यात आत्मसात केली. बुवा अजूनही माउस उंदीर चावेल अशा बेताने धरतात. न्यायाने बुवांचंच नाव जायला हवं होतं. आणि बुवा साडेतीनला माझ्याकडे यायचे होते. दर बुधवारी ते येतात, मी पेटी धरतो आणि ते गातात. या देशातला माझा तेवढाच काय तो जीव रमायचा वेळ.

पेटी मिटवून मी रंग काढले. मला जहाजांची चित्रं काढायचा नाद आहे. खिडकीतून दूरवर नांगरलेली जहाजं दिसतात, मॉडेल म्हणून ती बरी, हलत नाहीत. त्या दिवशी एकाच जहाजावर इतक्यांदा ब्रश फिरवला की कागदाला भोक पडलं. मग उठून फेऱ्या मारल्या. हॉलपासून बेडरूमपर्यंत चौदा पावलं. मला कोंडल्यासारखं झालं होतं. बाहेर जावं तर ऊन, घरात बसावं तर ते ईमेल, आणि नाव पाठवत नाही म्हणावं तर मॅनेजरने माझंच नाव घातलं असतं की काय कोण जाणे. त्याला तेवढी हौसही नव्हती म्हणा.

अडीचला मी नागपूरकराचं नाव पाठवलं. कारण म्हणून लिहिलं, 'रिपोर्ट वेळेवर देत नाही.' आठ वर्षांत दोनदा उशीर झाला होता त्याला. त्याच्या मुलीची दहावी मला आठवत नव्हती असं नाही. पण बुवा गेल्यावर बुधवारी काय करायचं, हा विचार त्याहून मोठा ठरला. खोटं कशाला बोलू? मी मैत्री निभावली असं स्वतःला सांगितलं आणि मला झोपही लागली.

साडेतीनला बुवा आले. डब्यात तळलेले बांगडे होते.

"आज जरा चढा सूर द्या, साहेब," बसता बसता ते म्हणाले. "काळी चार."

एरवी ते काळी दोनच्या वर जात नाहीत. पण त्या दिवशी आवाज असा मोकळा लागला की मी पेटीवर धापा टाकत मागे राहिलो. बरं केलंस, मी मनात म्हटलं. हा आवाज राखलास. एक अभंग संपला, मी चहा केला, आणि कप हातात घेतल्यावर बुवा एकदम गंभीर झाले.

"साहेब, लिस्टची भानगड कळली मला. टर्मिनलमध्ये काय लपतं?"

"बुवा, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो.

"काळजी नाही हो. एक रिक्वेस्ट होती. माझं नाव घाला."

मी कप खाली ठेवला.

"स्वतःहून रिझाइन केलं तर घरी कोण ऐकून घेणार नाही," ते म्हणाले. "बायको म्हणेल, चांगली नोकरी लाथाडून आलात. भाऊ म्हणतील, घराचा स्लॅब कोण घालणार? पण कंपनीनेच काढलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? खलास! बावीस वर्षं झाली, साहेब. माका आता घराक जावचा हा."

पहिल्यांदा वाटला तो हेवाच, हे कबूल करतो. बुवांना निदान आपलं नाव घाला म्हणायला एक माणूस होता. मलाही जायचंय हे मी कोणाला सांगणार होतो? बायकोला? मुलाला पुणं दोन आठवड्यांपलीकडे सोसत नाही, आणि फ्लॅटचं कर्ज अजून आहेच.

"आलोच," म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो आणि मॅनेजरला फोन लावला. सव्वाचार झाले होते. नाव बदलायचंय, चूक झाली, असं मी सांगितलं.

"खलास हबीबी, लेटर बन गया," तो म्हणाला. "और तुमने ही तो लिखा, रिपोर्ट टाइम पे नहीं देता. कल सुबह लेटर तुम ही दे देना उसको."

मी बाहेर आलो. बुवा आशेने बघत होते. थाप मारायची ताकद उरली नव्हती.

"बुवा, मी अडीचलाच नाव पाठवलं. नागपूरकराचं. तुम्हाला वाचवायला."

बुवांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "त्याच्या पोरीची दहावी आहे ना?"

मी मान हलवली. लाजेने माझे कान तापले होते. ते मला शिव्या देतील असं वाटलं, आणि द्याव्यात अशी फार इच्छा होती. पण त्यांनी कप विसळला, डबा घेतला, चपला घातल्या आणि दारात वळून हात जोडले.

"उपकार झाले, साहेब."

यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता. नोकरी वाचवणाऱ्या माणसाचे आभार मानायचे असतात, म्हणून त्यांनी ते मानले.

दार लावायचं माझ्याकडून राहिलं. लिफ्टची वाट बघता बघता बुवांनी घरी फोन लावला होता, स्पीकरवर. लिस्टची बातमी तिथेही पोचली असावी, कारण पलीकडून बायकोने आधी तेच विचारलं.

"भिया नको गो," बुवा म्हणाले. "साहेबांनी माझी नोकरी वाचवल्यानी."

पलीकडे ती माऊली आनंदाने रडायला लागली आणि माझ्या मुलाबाळांना आशीर्वाद देऊ लागली. बुवा "हां, हां, सांगतंय तेंका" म्हणत लिफ्टमध्ये शिरले.