झाकणाची वायर

वाटूर फाट्यावर भारत वायरमनची एक सवय सगळ्यांना पाठ आहे. कोणतंही यंत्र उघडण्याआधी तो त्याचा प्लग काढतो आणि मांडीखाली घेऊन बसतो. "भारत अंडी उबवून राह्यला," म्हणून लोक हसतात. तो मनावर घेत नाही. चालू करून बघायची घाई दुरुस्त करणाऱ्याला नसते, भोवती उभे राहणाऱ्यांना असते, हे त्याला एका भाजलेल्या अंगठ्याने शिकवलं आहे.

त्या मंगळवारी तो दीपमालाच्या दुकानात असाच बसला होता. दीपमाला छोट्या लेझर मशीनवर सन्मानचिन्हं कापून देते. आपल्या भागात सत्कार न झालेला माणूस सापडणं अवघड, त्यामुळे तिच्या धंद्याला मरण नाही. पण आज मशीनचं डोकं नुसतंच इकडून तिकडे फिरत होतं, किरण निघत नव्हता. सोळा सन्मानचिन्हं बाकी होती, आणि ती न्यायला जवळच्या तेलगिरणीचे सुरक्षा अधिकारी शिवाजीराव जातीने आले होते. गिरणीत चार वाजता सुरक्षा सप्ताहाचा समारोप होता.

"ट्यूब गेली," शिवाजीराव म्हणाले. विचारलं कुणीच नव्हतं.

भारतने मीटर लावला. झाकण उघडताच किरण बंद करणारा स्विच ठीक होता. मग त्याने बिजागरीजवळची वायर बोटांत धरून हलवली. मीटर वाजला, थांबला, पुन्हा वाजला. रोज वाकून वाकून वायर आतून तुटली होती. वरचं आवरण मात्र नव्यासारखं.

"घावली. ताई, नवी मऊ वायर टाकतो. पाऊण तास लागंल."

"पाऊण तास?" शिवाजीराव उठले. "अरे, स्विच सोड, दोन टोकं एकमेकाला जोड अन् कर चालू!"

"मंग झाकण उघडं असलं तरी किरण चालंल, साहेब. ताईचे डोळे जातील."

"त्या शिकलेल्या हायेत. बराबर झाकून घेतील."

"शिकलेल्यासाठीच स्विच लागतो. अडाणी माणूस हातच लावत न्हाई."

दीपमाला हसली. शिवाजीराव हसले नाहीत. "भारत, गिरणीतलं मोटारींचं काम तुला कुणाच्या सहीनं भेटतं?"

"तुमच्याच."

भारतचं निम्मं वर्ष त्या कामावर निघत होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"भारतभाऊ, माझ्यापायी काम नका घालवू," दीपमाला हळूच म्हणाली. "द्या जोडून."

"मी तुमचंच काम करून राह्यलो, ताई. मधी बोलू नका." त्याने प्लगवर नीट बैठक मारली आणि वायर सोलायला घेतली.

साडेतीनला सोळाही सन्मानचिन्हं तयार होती. प्रत्येकावर कोरलं होतं : 'सुरक्षेशी तडजोड नाही'. प्रमुख पाहुणे सहाला आले.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या गेटवर पहारेकऱ्याने भारतला अडवलं. त्याचा पास रद्द झाला होता.

"कारण काय लिवलंय?"

पहारेकऱ्याने चष्मा लावून वाचलं, "सुरक्षा अधिकाऱ्याच्या सूचनांचे पालन न केल्यामुळे."

"खरं हाय," भारत म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.