आक्कांच्या देव्या

देवीच्या चित्राला नावं ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, वाड्यात शेजारी राहणाऱ्या आक्का. दिवाळी झाली की आक्का औरंगपुऱ्यातल्या दुकानांतून फुकटची कॅलेंडरं गोळा करून आणायच्या. ती मांडीवर पसरायच्या आणि लक्ष्मी असो की सरस्वती, आधी तिचे हात निरखायच्या. "लोण्यावानी हात हायेत. हिनं जन्मात कधी शेण काढलं नाय," म्हणत ब्लेडनं तिच्या ओठांचा लाल रंग खरवडायच्या आणि काडीला काजळ लावून डोळ्यांखाली काळं करायच्या. आमच्या माहेरी देवाचं चित्र असलेलं कॅलेंडर जुनं झालं तर नदीत सोडत, फाडत नसत. मी लग्न होऊन नुकतीच त्या गल्लीत आले होते. ही बाई महालक्ष्मीला जागरणाचे डोळे काढतेय, हे बघून मी हातातला चहा साडीवर सांडून घेतला होता. आक्का म्हणाल्या, "घाबरू नको. दिसाय लागली की नाय आता बाईमाणसावानी?"

ही सगळी खटपट कौलासाठी. रंगरंगोटी झालेली देवी कात्रीनं कापायची, खळीनं बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि उन्हात वाळवायची, की झालं पान तयार. आक्का मूळच्या गंगापूरकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मेंढरं विकून त्यांचे यजमान इथल्या कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. ते रात्रभर गेटवर आणि दिवसभर झोपेत, त्यामुळे आम्हाला त्यांचं घोरणंच जास्त ओळखीचं. गावाकडून आक्कांनी आणलेली मोठी वस्तू म्हणजे एक काळी घोंगडी. दुपारी ती दारात पसरली, की बायका जमायच्या. कुणाच्या नवऱ्याला कंपनीत पर्मनंट करतील का, कुणाचं दुखणं कधी थांबेल, कुणी सोयरीक विचारायला यायची. मनात प्रश्न धरायचा, डाव्या हातानं पालथ्या पानांतलं एक उचलायचं आणि आक्कांच्या हातात द्यायचं. मग त्या देवीची जी कथा, तिच्यावरून उत्तर. उठताना बाई घोंगडीवर चार-आठ आणे नाहीतर पसाभर ज्वारी ठेवायची, त्यावर आक्कांचं घर चालायचं.

आक्कांचे नियम दोनच. विचारायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, आणि दुसरं पान मागायचं नाही. एकदा एका बाईनं मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून हळूच दुसऱ्या पानाला हात घातला, तर आक्कांनी तिच्या मनगटावर चापटच मारली. "देवी काय भाजीवाली हाय का, दुसरी जुडी दाखव म्हनायला? एकदा बोलली की बोलली." या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. आमच्या घरमालकीणबाईंचं आख्ख्या गल्लीवर राज्य होतं, पण त्यासुद्धा मुकाट्यानं निघालेलं पान मान्य करायच्या.

खरा धक्का मला बसला तो सगळी पानं एकदम बघितली तेव्हा. लक्ष्मी, सरस्वती, भवानी, रेणुका इथपर्यंत ठीक होतं. त्यांच्या शेजारी पूतना होती. लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकातून कापलेली, दात बाहेर आलेली. मी म्हटलं, "आक्का, ही राक्षसीण आहे." आक्का म्हणाल्या, "आसंल. पर परक्याच्या लेकराला छातीशी धरलं नव्हं हिनं? ही निघाली की पदरात लेकरू येतं." तिच्याखाली शूर्पणखा. तिचं कापलेलं नाक आक्कांनी दुसऱ्या चित्रातून आणून चिकटवलं होतं, जरा मोठंच झालं होतं ते. "लग्नाचं इचारलं म्हनून कुनी नाक कापतं का? म्या परत लावून दिलं," असं त्या म्हणाल्या, जणू ब्लाउजला बटण लावलं होतं. आणि सगळ्यात खाली सीता. एकटी. खांद्यापाशी चित्र सरळ कापलेलं, दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांची टोकं तेवढी राहिलेली. राम कुठंय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पण आक्कांनी आपणहून सांगितलं, "त्यानं तिला सोडली. म्या त्याला सोडला." मी घरी जाऊन देवापुढे दिवा लावला आणि त्यांच्या वतीनं माफी मागितली. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला.

परवा भाचीनं असाच एक संच दाखवला, कुठूनतरी मागवलेला, सोनेरी कडांचा. त्यात काली होती. तिच्या भुवया कोरलेल्या, कंबर मुठीत मावेल अशी, आणि खाली सल्ला की आज स्वतःचे लाड करा. सीता एका तळ्याकाठी हरणाला कुरवाळत बसलेली, वनवास नव्हे तर सहलच. भाची म्हणाली, मावशी, काढ की एक कार्ड. मी हात मागे घेतला. तिला वाटलं माझा विश्वास नाही. मला ब्लेड आणि काजळ आठवत होतं, ते तिला कसं सांगणार?

तर आक्कांच्या सीतेचा अर्थ होता, घर सोडणं. ती निघाली की आक्का एवढंच म्हणायच्या, "हितनं पाय काढायचा." कुणाची बदली, कुणाची खोली बदलायची, कुणाचा माहेरचा मुक्काम संपवायचा. सीता निघाली की त्यांचा आवाज खाली जायचा आणि त्यानंतर त्या घोंगडी गुंडाळायच्या. तेवढ्यावर त्या दिवसाचा कौल बंद व्हायचा. का, ते कुणी विचारलं नाही.

आमच्या वरच्या खोलीत कुंदा राहायची. नर्सिंगचं शिकत होती, पांढरी साडी स्वतः इस्त्री करायची आणि ड्युटीवरून आली की खालून हाक मारायची, "आक्का, डोळ्यांत औषध घातलं का?" घातलेलं नसायचं. मग ती आक्कांची मान मागे करून थेंब घालायची. आक्का कुरकुरायच्या आणि खूश असायच्या. कुंदा कौल मात्र कधी लावायची नाही. तिच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांची. तिची जात सगळ्यांना माहीत होती, आणि बरे दिवस होते तोवर जातीचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, हा वाद पेटला. आज मोर्चा, उद्या बंद, दुकानांची शटरं अर्धी खाली. खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि कालपर्यंत कुंदाकडून ताप मोजून घेणाऱ्या बायका जिन्यात तिला वाट देताना पदर आवरून घ्यायला लागल्या. माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं तरी माझा विश्वास बसत नव्हता. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त पदर आवरला.

एका दुपारी मालकीणबाई चार-पाच जणींना घेऊन घोंगडीपाशी आल्या. कुंदा ड्युटीवर होती. "आक्का, मला त्या पोरीबद्दल काही नाही हो," त्या म्हणाल्या. "भाडं वेळेवर देते, वागायला चांगली. पण उद्या तिच्यापायी कुणी वाड्यावर दगड मारले तर? मी माझ्या मनानं काही करत नाही. देवीलाच विचारू. ती म्हणाली राहू दे, तर राहू दे."

कुंदाला खोली सोडायला लावायची, पण पाप देवीच्या माथी, हे मला लख्ख कळलं. आक्कांनाही कळलं असणार. त्या बराच वेळ पानं पिसत राहिल्या. पण विचारायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा नियम त्यांचाच. शेवटी त्यांनी पानं पसरली. मालकीणबाईंनी डावा हात पुढे केला आणि एक पान उचलून, उलटं करून आक्कांच्या हातात दिलं. सीता होती.

मागून एकीनं म्हटलं, "झालं. इथनं पाय काढायचा." मालकीणबाईंनी सुस्कारा सोडला, त्यात वाईट वाटल्याचा भाग थोडा होता आणि सुटल्याचा जास्त. "वाचा की आक्का," त्या म्हणाल्या. आक्का पान हातात धरून बसल्या होत्या.

"चुकली," आक्का म्हणाल्या.

"कोण चुकली?"

"देवी. देवी चुकली."

मालकीणबाई चिडून म्हणाल्या, "देवी कशी चुकेल? तुम्हीच म्हणता ना, एकदा बोलली की बोलली?"

"म्हनत व्हते," आक्का म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ किती ते सांगावं तसा. "माझी येसू माहेरी आली व्हती. पाठीवर वळ. म्हनली, आई, मला आता तिकडं धाडू नको. म्या तिच्यासाठी पान काढलं. हीच निघाली. हितनं पाय काढायचा, म्हनली. म्या पोरीला परत धाडली. पंधरवड्यात हिरीतनं काढली तिला."

आक्कांची मुलगी विहिरीवर पाय घसरून गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आक्काच तसं सांगत. मी उंबऱ्यातच बसले. इतकी वर्षं या बाईनं हेच पान जपून ठेवलं होतं, त्याच्या डोळ्यांना काजळ लावलं होतं, आणि ते निघालं की मुकाट घोंगडी गुंडाळली होती. पान खरं, तोवर पोरीचं मरण देवीच्या माथी. पान खोटं म्हटलं, की ते कुणाच्या माथी, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही सगळ्यांसमोर त्या तसं म्हणाल्या.

"तवाबी ते चुकलंच व्हतं," त्या पुढे म्हणाल्या. "म्या कबूल केलं नाय. कबूल केलं असतं तर भाकर कशी गिळली असती? आता दुसऱ्याची पोर म्या नाय घालवायची. खोली तिची हाय. ती ऱ्हाईल."

एक बाई कळवळून म्हणाली, "मग माझ्या मुलीची सोयरीक मोडली, ती? तेही पान चुकलं होतं का?" आक्कांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बायका उठून गेल्या. जाता जाता मालकीणबाई, कुणाकडेही न बघता, "राहू दे मग, बघू पुढं," एवढं बोलल्या. खोली वाचली.

संध्याकाळी कुंदा आली तेव्हा आक्का जिन्याशी तिची वाटच बघत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. येसूचंही सांगितलं. कुंदानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आता ही रडेल, गळ्यात पडेल, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आक्का, आज पान चुकलं म्हणून मी राहायचं. उद्या बरोबर निघालं तर?"

आक्कांनी तिला पायरीवर शेजारी बसवलं.

"तुम्ही माझ्यासाठी केवढं केलंत, ते मला समजतंय," कुंदा म्हणाली. "पण मी इथं राहायचं की नाही, हे विचारायला बायका जमल्या, तिथंच माझं राहणं संपलं. पदमपुऱ्यात मैत्रिणीची खोली आहे. सकाळी जाते."

त्या दिवसात मला इतके धक्के बसले होते, पण हा सगळ्यांवर कडी करणारा होता. एका बाईनं हिच्यासाठी आपली देवी सोडली, आपली रोजीरोटी सोडली, स्वतःच्या लेकीचं मरण स्वतःच्या माथी घेतलं, आणि ही निघाली. मला क्षणभर तिचा रागच आला. आक्कांना आला नाही. त्या म्हणाल्या, "खरं बोलली. मला सुचलं नाय."

सकाळी गल्लीतल्या सगळ्या दारांत बायका उभ्या होत्या. कुंदाची पत्र्याची ट्रंक जड होती, आत पुस्तकं होती. ती ओढायला लागली, तेवढ्यात आक्कांनी लुगड्याच्या पदराची चुंबळ केली आणि ट्रंक डोक्यावर घेतली. कुंदा नको नको म्हणत राहिली. मी स्टोव्ह आणि बादली उचलली, माझ्या सासूबाई बघत होत्या त्या बघत राहिल्या. आख्ख्या गल्लीतून, मालकीणबाईंच्या दारावरून, ती ट्रंक डोक्यावर घेऊन आक्का रिक्षापर्यंत चालत गेल्या. कुणाचा पदर आवरला गेला नाही, सगळ्या जागच्या जागी थिजल्या होत्या. रिक्षात बसल्यावर कुंदा म्हणाली, "आक्का, घरी या." आक्का म्हणाल्या, "येते की." आणि त्या जायच्या. डोळ्यांत औषध घालून घ्यायला दर आठवड्याला पदमपुऱ्यापर्यंत पायी जायच्या.

कौल बंद झाला. आक्का एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकरी थापायला जायला लागल्या. वर्षभरात आम्हीही ती जागा सोडली, आणि माझी त्यांची शेवटची आठवण आमचं सामान टेम्पोत चढत होतं त्या दुपारची आहे. गंगापूरकडची एक बाई विचारत विचारत त्यांच्या दाराशी आली. एसटीच्या धुळीनं माखलेली, आणि मागे भिंतीला टेकून एक तरणी मुलगी, पदर कपाळावर ओढलेला. बाई म्हणाली, "लेक सासरहून निघून आलीय. तिला परत धाडावी का ठिवावी, तेवढा कौल लावून द्या. लांबून आलोय."

आक्का नुकत्या कामावरून आल्या होत्या, हाताला पीठ होतं. बाई घोंगडी शोधत इकडेतिकडे बघत होती. आक्कांनी तिच्या शेजारून पुढे होऊन त्या मुलीचा हात धरला, तिला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि मग आईकडे वळून विचारलं, "जेवली का ही?"